लिनक्सच्या घरातील दुहेरी राज्यव्यवस्था

एखाद्या महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेत एक विद्यार्थी पायथॉन भाषेचा पहिला धडा गिरवीत बसलेला असतो. आलेख काढण्यासाठी त्याला एक लायब्ररी, म्हणजे दुसऱ्या कोणी आधीच लिहून ठेवलेल्या आज्ञावलींचा संच, आपल्या यंत्रावर आणावयाची असते. 'पिप' ह्या प्रोग्रॅमला आज्ञा दिली की ती आपोआप येते, असे पुस्तक सांगते. शिक्षकही तेच सांगतात. आणि अनेक वर्षे ते खरेही होते. परंतु यंत्रावर डेबियन किंवा उबुंटू ह्या लिनक्स प्रणालीची २०२३ पासूनची आवृत्ती असेल तर ही आज्ञा मानली जात नाही. 'येथील व्यवस्था बाहेरून सांभाळली जाते' अशा अर्थाचा एक लांबलचक संदेश पडद्यावर उमटतो आणि धडा तेथेच थांबतो.

संदेशात मार्गही सुचविलेले असतात. पहिला मार्ग असा की, लायब्ररी पिपकडून न मागता प्रणालीच्या स्वतःच्या भांडारातून घ्यावी. पण त्यासाठी यंत्राच्या व्यवस्थापकाचे अधिकार लागतात आणि ते विद्यार्थ्याला दिलेले नसतात. दुसरा मार्ग म्हणजे आपल्या कामापुरती पायथॉनची एक स्वतंत्र खोली थाटावी आणि तिच्यात हवे ते आणावे. ही सोय पायथॉनच्या कर्त्यांनी भाषेबरोबरच दिलेली आहे. डेबियनने मात्र तिचा आवश्यक भाग वेगळा काढून निराळ्या पॅकेजात ठेवला आहे. ते पॅकेज बसविलेले नसेल तर पुन्हा व्यवस्थापकाकडेच धाव घ्यावी लागते. शेवटी उरतो तो संदेशाच्या तळाशी दिलेला तिसरा मार्ग. आज्ञेच्या शेवटी 'ब्रेक सिस्टिम पॅकेजेस', म्हणजे 'व्यवस्था मोडली तरी चालेल', एवढे शब्द जोडले की नकार देणारे यंत्र मुकाट्याने काम करते. विद्यार्थी अर्थातच हा तिसरा मार्ग पत्करतो. प्रोग्रॅमिंगच्या पहिल्याच दिवशी तो जे शिकतो ते हे, की नियम वाचण्यापेक्षा तो मोडण्याचा मंत्र पाठ असलेला बरा.

ह्या अडचणीमागे कोणाचा दुष्टपणा नाही, आणि ती एकट्या पायथॉनचीही नाही. लिनक्सच्या घरात गेल्या वीस-पंचवीस वर्षांपासून दोन कारभारी नांदत आहेत. एक म्हणजे डेबियन, फेडोरा, उबुंटू ह्यांसारखी वितरणे आणि दुसरा म्हणजे प्रत्येक संगणकीय भाषेने उभारलेले स्वतःचे भांडार. इ. स. १७६५ नंतर बंगालमध्ये दिवाणी कंपनीकडे आणि निजामत नबाबाकडे अशी जी दुहेरी राज्यव्यवस्था आली, तिचा दोष शाळेतल्या मुलालाही ठाऊक असतो: अधिकार एकाकडे, जबाबदारी दुसऱ्याकडे आणि भुर्दंड रयतेकडे. लिनक्समधील आजचा घोळ दिसतो तांत्रिक. मुळात तो ह्याच जातीचा आहे. म्हणूनच त्यावरील उपायही नुसता तांत्रिक असून भागणार नाही.

वितरणांचे वचन

लायनस टॉरवल्ड्स ह्यांनी १९९१ साली जाहीर केलेले लिनक्स म्हणजे प्रणालीचा केवळ गाभा होय. त्याभोवती शेकडो प्रोग्रॅम जुळवून, ते एकमेकांशी भांडणार नाहीत असे पाहून, सगळे एकत्र बसविण्याचे किचकट काम वितरणांनी अंगावर घेतले. इयन मर्डॉक ह्यांनी १९९३ मध्ये सुरू केलेला डेबियन हा प्रकल्प त्यांत अग्रेसर. ह्या प्रकल्पाने १९९७ साली एक सामाजिक करारच लिहून काढला आणि वापरणारा माणूस व मुक्त सॉफ्टवेअर ह्यांना आपण अग्रक्रम देऊ असे त्यात नमूद केले. ऑगस्ट २०२५ मध्ये निघालेल्या डेबियनच्या तेराव्या आवृत्तीत ६९,८३० पॅकेजे आहेत. हा डोंगर प्रामुख्याने स्वयंसेवकांनी उचललेला आहे. पॅकेजामागे कोणी ना कोणी माणूस उभा असतो. तो परवाने तपासतो, दोष नोंदवून घेतो, मूळ कर्त्याशी पत्रव्यवहार करतो आणि पुष्कळदा शिव्याही खातो.

वितरणांच्या ह्या कारभाराचा पाया एका साध्या नियमावर आहे. कोणत्याही लायब्ररीची प्रणालीत शक्यतो एकच प्रत असावी आणि सर्व प्रोग्रॅमांनी तीच वापरावी, हा तो नियम. चाळीत एकच नळ असला की सकाळी रांग लागते, कुरकुर होते. पण पाण्यात काही दोष निघाला तर तो एका ठिकाणी दुरुस्त केला की साऱ्या बिऱ्हाडांना शुद्ध पाणी मिळते. उलट प्रत्येकाने आपापली टाकी बसविली तर रांग संपते. पण कोणाच्या टाकीत काय साचले आहे हे कोणीच सांगू शकत नाही.

ह्याची प्रचीती २००२ साली आली. माहिती दाबून लहान करण्यासाठी सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या 'झेडलिब' ह्या लायब्ररीत त्या वर्षी एक गंभीर दोष सापडला. सामाईक प्रत दुरुस्त करणे अवघड नव्हते. अवघड होते ते ज्या असंख्य प्रोग्रॅमांनी तिची नक्कल आपल्या पोटात ठेवली होती त्यांना हुडकणे. ह्याउलट एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएल ह्या लायब्ररीत 'हार्टब्लीड' हा दोष उघडकीस आला, तेव्हा वितरणांनी एक सुधारलेले पॅकेज पाठविले आणि सामाईक प्रत वापरणाऱ्या सेवा पुन्हा सुरू करताच त्यांतील भगदाड बुजले. वितरणांचे लोक नियमाला इतके चिकटून का राहतात, त्याचे उत्तर ह्या दोन प्रसंगांत आहे. त्याला निव्वळ कर्मठपणा म्हणणे अन्यायाचे होईल.

भाषांची भांडारे

पण काळ बदलला. पर्ल ह्या भाषेने १९९५ मध्ये 'सीपॅन' हे आपले भांडार उघडले आणि जगभरच्या लेखकांनी लिहिलेल्या लायब्रऱ्या एका जागी आणल्या. पायथॉनचे भांडार २००३ मध्ये आले, जावास्क्रिप्टचे 'एनपीएम' २०१० मध्ये आणि रस्टचे २०१४ मध्ये. येथे द्वारपाल नाही. ज्याने लिहिले त्याने स्वतः ठेवावे, ज्याला हवे त्याने एका आज्ञेसरशी उचलावे. परिणाम असा झाला की एनपीएममध्ये वीस लाखांहून आणि पायथॉनच्या भांडारात पाच लाखांहून अधिक पॅकेजे जमा झाली. डेबियनचे सत्तर हजारांचे भांडार कितीही मोठे वाटले तरी ह्या महापुरापुढे ते एखाद्या तळ्याएवढेच.

प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांचा ओढा ह्या भांडारांकडे का, हेही समजून घेतले पाहिजे. डेबियनची स्थिर आवृत्ती साधारण दोन वर्षांनी निघते आणि मग तिच्यातील लायब्रऱ्यांच्या आवृत्त्या जवळजवळ गोठतात. सुरक्षेचे दोष तेवढे दुरुस्त होत राहतात. सर्व्हर चालविणाऱ्याला हे स्थैर्य वरदानासारखे वाटते. ज्याला काल सुधारलेली लायब्ररी आज हवी आहे, त्याला मात्र ते वाळवंट वाटते. शिवाय दोन प्रोग्रॅमांना एकाच लायब्ररीच्या दोन भिन्न आवृत्त्या लागणे हे आता नित्याचे झाले आहे. 'एकच प्रत' हा नियम तेथे मुळातच अडखळतो. मूळ कर्त्याचीही तक्रार असते. त्याने दोन वर्षांपूर्वी दुरुस्त केलेल्या चुकीबद्दल वितरणातील जुनी प्रत वापरणारे लोक त्यालाच जाब विचारीत राहतात.

म्हणजे वितरणाचे वचन यंत्र वापरणाऱ्याला दिलेले आहे आणि भाषेच्या भांडाराचे वचन प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला. दोन्ही वचने प्रामाणिक आहेत. दुर्दैव एवढेच की, ती एकाच यंत्रावर, कित्येकदा एकाच फोल्डरमध्ये, पाळण्याचा प्रयत्न चालतो.

बंदी योग्यच होती

पायथॉनच्या बाबतीत ही टक्कर सर्वांत तीव्र झाली, कारण ती विद्यार्थ्याची भाषा आहे तशीच वितरणाच्या कारभाराचीही आहे. रेड हॅटच्या घराण्यातील पॅकेजे बसविणारा 'यम' हा प्रोग्रॅम पायथॉनमध्येच लिहिलेला होता. उबुंटूतील अनेक अवजारे आजही पायथॉनवर चालतात. अशा यंत्रावर व्यवस्थापकाचे अधिकार वापरून पिपने एखादी नवी लायब्ररी आणली आणि तिने जुनीची जागा घेतली, तर अवजारे बंद पडत. कधी कधी तर प्रणाली सुधारणारा प्रोग्रॅमच बंद पडे. ज्या फांदीवर बसायचे तीच तोडण्याचा हा प्रकार होता आणि तो वर्षानुवर्षे, पाठ्यपुस्तकांच्या आशीर्वादाने, चालू होता.

तेव्हा २०२३ मधील बंदी अकारण नव्हती. तिचा मसुदा २०२१ मध्ये तयार झाला आणि तो डेबियनच्या पायथॉनची देखभाल करणाऱ्यांनी व पिपची देखभाल करणाऱ्यांनी मिळून लिहिला, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. दोन्ही कारभारी एका बैठकीला बसले आणि त्यांनी एक सीमा मान्य केली: प्रणालीचे पायथॉन प्रणालीचे, त्यात पिपने हात घालू नये. एवढ्यापुरता हा समझोता स्तुत्य आहे. त्रुटी अशी की, सीमेच्या अलीकडे येऊ नका असे सांगितले गेले, पण पलीकडे राहण्याची सोय पुरती झाली नाही. स्वतंत्र खोली थाटण्याचे साधन वेगळ्या पॅकेजात कुलूपबंद ठेवायचे आणि वर खोली थाटा असा उपदेश करायचा, ही विसंगती आहे.

कातरीचा अधिकार

येथे वितरणांच्या एका जुन्या सवयीचा विचार करणे भाग आहे. दुसऱ्याने घडविलेली वस्तू आपल्या कपाटात बसावी म्हणून ती कापण्याचा, तिचे नाव बदलण्याचा आणि तिच्यात फेरफार करण्याचा अधिकार वितरणे स्वतःकडे घेतात. परवान्याच्या दृष्टीने हा अधिकार निर्विवाद आहे. पण त्याचे परिणाम ज्यांना भोगावे लागतात त्यांना कारण कळत नाही.

जावास्क्रिप्टच्या 'नोड' ह्या प्रोग्रॅमची हकीकत बोलकी आहे. डेबियनमध्ये त्या नावाचा एक जुना प्रोग्रॅम होता. तो हौशी रेडिओ चालविणाऱ्यांच्या उपयोगाचा. नाव कोणी सोडावे ह्याचा वाद तांत्रिक समितीपर्यंत गेला आणि २०१२ मध्ये निर्णय असा झाला की जावास्क्रिप्टच्या प्रोग्रॅमने 'नोडजेएस' हे नाव घ्यावे. निवाडा न्यायबुद्धीने केलेला होता. परंतु साऱ्या जगातील पुस्तके व आज्ञावल्या 'नोड' असेच लिहीत होत्या. डेबियनवर त्या चालेनात, आणि नवशिक्यांना वाटे की चूक आपलीच. पुढे काही वर्षांनी जुने नाव परत आले. तोवर किती जणांच्या संध्याकाळी वाया गेल्या असतील त्याची गणती नाही.

ह्याहून गंभीर प्रसंग २००८ सालचा. तपासणीच्या एका अवजाराने दाखविलेली सूचना दूर करण्यासाठी डेबियनमधील ओपनएसएसएलमधून २००६ मध्ये काही मजकूर गाळण्यात आला होता. त्यामुळे गुप्त किल्ल्या तयार करण्यासाठी लागणारी यदृच्छता जवळजवळ नाहीशी झाली. एका प्रकारच्या यंत्रावर, एका लांबीच्या, केवळ ३२ हजारांच्या आसपास निरनिराळ्या किल्ल्या निर्माण होऊ शकत होत्या. दीड वर्षाहून अधिक काळ ही गोष्ट कोणाच्या ध्यानात आली नाही. मूळ कर्त्यांच्या हातून हा दोष झालेला नव्हता. तो वाटेतल्या दुरुस्तीतून आला होता.

रस्ट आणि गो ह्या भाषांच्या बाबतीत तर एकच प्रत ठेवण्याच्या नियमाचा पायाच डळमळतो. ह्या भाषांत लिहिलेला प्रोग्रॅम तयार होतानाच आपल्या सगळ्या लायब्रऱ्या पोटात घेतो. चाळीचा नळ तेथे नसतोच. प्रत्येक बिऱ्हाड भरलेली टाकी घेऊनच राहावयास येते. लायब्ररीत दोष निघाला तर ती वापरणारे सर्व प्रोग्रॅम नव्याने बांधावे लागतात आणि ह्या कामासाठी आपली यंत्रणा अपुरी आहे, अशा भाषांच्या पॅकेजांना सुरक्षेची हमी मर्यादित आहे, असे डेबियनने बाराव्या आवृत्तीच्या टिपणांत स्वतःच लिहून ठेवले आहे. असे असूनही रस्टच्या शेकडो लहान लायब्रऱ्यांचे एकेक पॅकेज करण्याचे आणि प्रत्येकीची शक्यतो एकच आवृत्ती ठेवण्याचे काम स्वयंसेवक करीत राहतात. 'बीकॅशएफएस' ह्या फाइल व्यवस्थेच्या अवजारांबाबत हा ताण असह्य झाला. कर्त्याने ठरविलेल्या आवृत्त्या आणि डेबियनमध्ये असलेल्या आवृत्त्या जुळेनात. जुळवाजुळव करावी तर अवजारे बिघडत. आणि २०२४ साली ते पॅकेज सांभाळणाऱ्या स्वयंसेवकाने अखेर हात टेकले. नियम ज्या फायद्यासाठी केला तो फायदाच जेथे मिळत नाही, तेथे माणसांची उमेद त्यावर खर्च करावी काय?

मोकळ्या दाराची किंमत

म्हणून भाषांच्या भांडारांकडे सारा कारभार सोपवून मोकळे व्हावे, असे म्हणणाऱ्यांनी मात्र त्यांचा इतिहासही वाचावा. मार्च २०१६ मध्ये एका लेखकाने नावाच्या वादातून चिडून एनपीएममधील आपली पॅकेजे काढून घेतली. त्यांत 'लेफ्टपॅड' हे जेमतेम अकरा ओळींचे एक पॅकेज होते आणि त्या अकरा ओळींवाचून जगातील मोठमोठ्या प्रकल्पांची बांधणी थांबली. २०१८ मध्ये दुसऱ्या एका लोकप्रिय पॅकेजाची जबाबदारी थकलेल्या लेखकाने अनोळखी माणसाच्या हाती दिली आणि त्या माणसाने त्यातून आभासी चलनाच्या पाकिटांवर दरोड्याची तयारी केली. दुष्ट पॅकेजांचा लोंढा आवरेना म्हणून मार्च २०२४ मध्ये पायथॉनच्या भांडाराला नव्या नोंदण्या काही काळ बंद ठेवाव्या लागल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये तर एनपीएममध्ये स्वतःच एका पॅकेजातून दुसऱ्यात पसरणारा किडा शेकडो पॅकेजांत शिरला. ज्या द्वारपालाचा जाच वाटत होता तो नसल्याची ही किंमत आहे.

ह्या दोन्ही पक्षांचे गुणदोष एकाच घटनेत पाहावयाचे असतील तर २९ मार्च २०२४ ची आठवण ठेवावी. अँड्रेस फ्रॉइंड ह्या अभियंत्याला दूरच्या यंत्रावर प्रवेश करताना सुमारे अर्ध्या सेकंदाचा विलंब जाणवला आणि त्याचा माग काढता काढता 'एक्सझेड' ह्या लायब्ररीत दडवलेले चोरदार सापडले. एका व्यक्तीने दोन वर्षांहून अधिक काळ निमूटपणे मदत करीत, एकट्या पडलेल्या मूळ लेखकाचा विश्वास संपादन करून ते बसविले होते. ते प्रवेशाच्या प्रोग्रॅमपर्यंत पोहोचू शकले ते डेबियन, फेडोरा इत्यादी वितरणांनी त्या प्रोग्रॅमला जोडलेल्या एका ठिगळामुळे. मूळ कर्त्यांच्या प्रोग्रॅमचा ह्या लायब्ररीशी संबंध नव्हता. पण ते जगभर पसरले नाही तेही वितरणांमुळेच. कारण बाधित आवृत्त्या अद्याप चाचणीच्या शाखांत होत्या, डेबियनच्या स्थिर आवृत्तीपर्यंत पोहोचल्या नव्हत्या. ज्या संथपणाची एवढी टवाळी होते त्यानेच त्या दिवशी लाखो यंत्रे वाचविली आणि ज्या कातरीचा एवढा अभिमान बाळगला जातो तिनेच वाट मोकळी करून दिली होती. कोणत्याही एका बाजूने ह्या घटनेचा झेंडा करून मिरविण्यात अर्थ नाही.

दोन्ही कारभाऱ्यांना कंटाळून अनेकांनी तिसरी वाट धरली. २०१३ मध्ये आलेल्या 'डॉकर'मुळे प्रोग्रॅम आणि त्याला लागणारा सारा संसार एका डब्यात भरून पाठविण्याची पद्धत रूढ झाली. तिचा उपयोग मोठा आहे. पण तीत वाद मिटत नाही, डब्यात बंद होतो. डिसेंबर २०२१ मध्ये जावाच्या 'लॉगफोरजे' ह्या लायब्ररीत भयंकर दोष निघाला, तेव्हा दुरुस्तीपेक्षा ती लायब्ररी आपल्या कोणकोणत्या प्रोग्रॅमांच्या पोटात आहे ह्याचा शोध घेण्यातच संस्थांचे दिवस गेले. २००२ मधला धडा वीस वर्षांनी पुन्हा गिरवावा लागला.

सीमा आखल्यावाचून गत्यंतर नाही

मग करावे काय? पहिली गोष्ट म्हणजे प्रणालीची भाषा आणि वापरणाऱ्याची भाषा ह्या दोहोंची फारकत करावी. हे अशक्य नाही. रेड हॅटने २०१९ च्या आपल्या आठव्या आवृत्तीत प्रणालीच्या अवजारांसाठी एक वेगळे पायथॉन आडबाजूला ठेवले आणि वापरणाऱ्यासाठी निराळे. प्रणालीने आपले पायथॉन हवे तसे कापावे, गोठवावे, कुलपात ठेवावे. पण वापरणाऱ्याच्या हाती जी भाषा दिली जाईल ती तिच्या कर्त्यांनी दिली तशी, अखंड असावी. त्या विद्यार्थ्याला स्वतंत्र खोली थाटण्यासाठी कोणाच्या परवानगीची गरज पडता कामा नये.

दुसरी गोष्ट, भाषेची प्रत्येक लायब्ररी आपल्या भांडारात असलीच पाहिजे हा हव्यास वितरणांनी सोडावा. आपण देतो त्या प्रोग्रॅमांना जेवढ्या लायब्रऱ्या लागतात तेवढ्यांची जबाबदारी घ्यावी आणि ती मात्र निष्ठेने पार पाडावी. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यासाठी अर्धवट व जुनी दुकाने मांडण्याने त्याचेही भागत नाही आणि स्वयंसेवकही थकतो. जेथे एकच प्रत ठेवण्याचा लाभ खरोखर मिळतो, उदाहरणार्थ सी भाषेतील सामाईक लायब्रऱ्या, तेथे तो नियम कसोशीने पाळावा. जेथे तो मिळत नाही तेथे कोणत्या प्रोग्रॅमात कोणती लायब्ररी, कोणत्या आवृत्तीची आहे ह्याची बिनचूक यादी ठेवावी आणि दोष निघताच सारे पुन्हा बांधता येईल अशी यंत्रणा उभारावी. टाक्या घरोघर बसणारच असतील तर निदान त्यांची नोंद नगरपालिकेत हवी.

ह्यावर एक आक्षेप वजनदार आहे. ज्या प्रयोगशाळेत इंटरनेट अखंड चालत नाही, तेथे डेबियनचे भांडार एकदा उतरवून घेतले की त्यातून शेकडो लायब्रऱ्या विनासायास मिळतात. ती सोय काढून घेतली तर नुकसान गरीब संस्थांचे होईल, हे खरेच. म्हणून शिक्षणात व संशोधनात रोज लागणाऱ्या निवडक लायब्रऱ्या वितरणांनी ठेवाव्यात हे उचित. परंतु निवडक आणि सर्व ह्यांत अंतर आहे; आणि निवड कोणत्या कसोटीवर केली ते वापरणाऱ्याला स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे.

तिसरी गोष्ट भाषांच्या भांडारांनी करावयाची आहे. लाखो माणसे ज्या दारातून माल उचलतात त्या दाराला पहारा नसणे हे आता स्वातंत्र्याचे लक्षण राहिलेले नाही. पायथॉनच्या भांडाराने १ जानेवारी २०२४ पासून माल ठेवणाऱ्या सर्वांना दुहेरी ओळखतपासणी सक्तीची केली, हे योग्य दिशेने पडलेले पाऊल होय. नव्याने आलेला माल काही काळ निराळा ठेवून तपासणे, लेखकाने हात काढून घेतल्यास त्या पॅकेजाचा वाली कोण हे आधीच ठरविणे, जुन्या आवृत्त्यांत सुरक्षेच्या दुरुस्त्या पोहोचविणे, ही कामे वितरणे वर्षानुवर्षे करीत आली आहेत. वितरणांचा अधिकार नको असेल तर त्यांचे कर्तव्य तरी भांडारांनी उचलले पाहिजे. अधिकार तेवढा घेऊन कर्तव्य दुसऱ्याच्या दारात टाकण्याचे नावच दुहेरी राज्यव्यवस्था.

हा सारा खल परदेशातील तज्ज्ञांचा आहे, येथील शिक्षकाला व कारकुनाला त्याचे काय, असे वाटण्याचा संभव आहे. पण सी-डॅक ह्या सरकारी संस्थेने तयार केलेली 'बॉस' ही भारतीय प्रणाली डेबियनवरच आधारलेली आहे. पवईच्या आयआयटीत सुरू झालेला 'स्पोकन ट्युटोरियल' हा उपक्रम लिनक्स व पायथॉनचे पाठ मराठीतूनही देतो. डेबियनची समिती जे ठरवील त्याचा परिणाम ह्या यंत्रांवर आणि ह्या पाठांवर होणारच. असे असता प्रोग्रॅमिंग शिकविताना भाषेचे व्याकरण तेवढे शिकवायचे आणि लायब्ररी कोठून येते, तिच्यामागे कोण आहे, ती कोणत्या फोल्डरात जाते, हे मात्र विद्यार्थ्याने चाचपडत शोधायचे, ही रीत आता सोडावयास हवी. स्वतंत्र खोली थाटणे हा पहिल्या धड्याचाच भाग असला पाहिजे आणि प्रयोगशाळेच्या यंत्रांवर ते साधन वर्ष सुरू होण्यापूर्वी बसविलेले असले पाहिजे. त्याला खर्च नाही. हवी आहे ती थोडी दक्षता.

आणि खर्चाचे म्हणावे तर तो कोणीतरी करीतच असतो. एक्सझेडचा एकटा लेखक, २०१८ मध्ये कंटाळून जबाबदारी सोडून देणारा लेखक आणि डेबियनचे पॅकेज सोडून देणारा स्वयंसेवक ह्या तिघांच्या कहाण्यांत एक धागा समान आहे: फुकट मिळणाऱ्या वस्तूसाठी एका माणसाने झिजत राहावे आणि साऱ्यांनी तिच्यावर विसंबावे. मोठ्या कंपन्या, सरकारे, विद्यापीठे ह्या वस्तूंवर आपला व्यवहार उभारतात. त्यांनी ह्या माणसांच्या श्रमात आणि वेतनात वाटा उचलला पाहिजे. दोष कळविणे, दुरुस्ती पाठविणे, मराठीतून मार्गदर्शिका लिहिणे ह्या गोष्टी तर एखाद्या महाविद्यालयाच्या अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांनाही शक्य आहेत, आणि कागदावरच राहणाऱ्या कित्येक प्रकल्पांपेक्षा त्या अधिक मोलाच्या ठरतील.

वितरणे आणि भाषा ह्यांपैकी कोणी एकाने दुसऱ्याचा पराभव केला म्हणजे प्रश्न सुटेल, ही समजूत दोन्ही गोटांतील उत्साही मंडळींनी टाकून द्यावी. २०२१ च्या मसुद्याने दाखवून दिले की एकत्र बसून सीमा ठरविता येते. ती अर्धी आखली गेली आहे. उरलेली अर्धी आखण्याची जबाबदारी दोघांचीही आहे. तोवर प्रयोगशाळेतला तो विद्यार्थी व्यवस्था मोडण्याचे शब्द टंकीत राहील, आणि त्याबद्दल त्याला दोष देण्याचा अधिकार कोणालाही पोहोचणार नाही.